चमचाभर जपानी

ऐका बायांनो, आमच्या वृंदाच्या व्हिसाची कहाणी. तिला जपानी शिकायला जपानला जायचं होतं. सगळे कागद जमले, फक्त शिफारसपत्रावर तिच्या कॉलेजच्या प्राचार्यांची, खारकर साहेबांची सही राहिली. ती नाही मिळाली तर वर्ष वाया. मी संकष्टीचा उपास धरला, निघताना तिच्या हातावर दही घातलं आणि सोबत गेले.

साहेबांनी फाईल न उघडताच विचारलं, "जपानी येते का?"

"थोडी येते, सर."

"येते, तर तिकडे कशाला जायचं? आणि थोडीच येते, तर तिकडे काय डोंबल कळणार?"

कारकून हसले.

वृंदा शांतपणे म्हणाली, "सर, तुमच्या घरी दही कसं लावतात?"

"चमचाभर विरजण घालून. त्याचं काय?"

"चमचाभर दही आहे म्हणून भांडंभर लावायचं कुणी थांबत नाही. आणि तेवढंही नसलं, तर दही लागतच नाही. माझ्याकडे चमचाभर जपानी आहे, सर. दूध मात्र जपानात आहे."

साहेब हसले आणि त्यांनी पेन उघडलं. मी आधी गणरायाला हात जोडले, मग त्यांनाही.

ही एका उत्तराची कहाणी, एका सहीने सुफळ संपूर्ण.