सकवारआत्याची कागदी कणगी

ऐका मंडळी. लहानांनी पुढं बसा, मोठ्यांनी मागं सरका. ही गोष्ट फार वर्षांपूर्वीची. तेव्हा धानी नदीवर पूल नव्हता, हिवरदरी गावात दिवे तेलाचे होते आणि कागद नुकताच कुठं गावात यायला लागला होता.

त्याआधी दुकानातलं सामान पळसाच्या पानात नाहीतर फडक्यात बांधून मिळायचं. मग कागदाच्या पुड्या आल्या. मिठाची पुडी, हळदीची पुडी, गुळाच्या ढेपेलाही कागद. लोकांना मोठी गंमत वाटायची. पुडी सोडायची, जिन्नस डब्यात ओतायचा आणि कागद दारातून भिरकावून द्यायचा. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी बाभळीच्या कुंपणांवर इतके कागद अडकलेले असायचे, की लांबून येणाऱ्याला वाटावं बगळ्यांचा थवाच उतरलाय. विहिरीत कागद, ओढ्यात कागद, खळ्यातल्या धान्यात कागद. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

त्याच सुमारास सकवार आपला भाऊ हैबती याच्याकडे कायमची राहायला आली. तिचा नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं. हैबतीची पोरं तिला आत्या म्हणायची, मग शेजारची म्हणू लागली आणि बघता बघता ती अख्ख्या गावाची आत्या झाली. बाई अंगापिंडानं दणकट. ती हसली की छपरावरची कबुतरं उडायची, असं म्हणतात. पलीकडच्या गावातले लोक तिचं हसणं ऐकून म्हणायचे, "हिवरदरीत आज काहीतरी बरं घडलं वाटतं."

एकदा हैबतीचं वासरू कासावीस झालं. डोळे पांढरे करायला लागलं, मान टाकली. घरातल्यांनी रडारड सुरू केली. आत्यानं लुगड्याचा पदर खोचला, वासराचा जबडा उघडला आणि कोपरापर्यंत हात आत घातला. हात बाहेर आला तेव्हा मुठीत कागदाचा एक गोळा होता. गुळाचा वास लागून वासरानं बाजारातला कागद खाल्ला होता. वासरू खोकलं, उठलं आणि आईकडे पळालं.

आत्यानं तो गोळा रागानं भिंतीवर आपटायला हात उचलला. पण बोटांना तो मऊ लागला, मळलेल्या कणकेसारखा. तिनं सहज तो तळव्यावर थापला, अंगठ्यानं मधे दाबला आणि तुळशीच्या कट्ट्यावर ठेवून विसरून गेली. दुसऱ्या दिवशी उन्हात पाहते, तर तिथं एक वाटी. खडखडीत वाळलेली, हलकी, टणक.

आत्या हसली. कबुतरं उडाली.

त्या दिवसापासून ती डोक्यावर टोपली घेऊन दारोदार फिरू लागली. लोकांना वाटलं, बाई पीठ मागतेय. तर ती म्हणायची, "पीठ राहू दे गं, पुडीचा कागद दे." बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. पण पोरांना तिचा फार लळा. ती पुढं आणि मागं पोरांची रांग. पोरं कुंपणावर चढून कागद काढायची, ओढ्यातून वेचायची. आत्याच्या अंगणात दगडाची एक मोठी दोण होती. तिच्यात कागद भिजत घालायचा, दोन दिवस मुरला की पोरांनी आत उतरायचं आणि तुडवायचा. आत्या टाळ्या वाजवायची, पोरं थयथय नाचायची. लगदा झाला की त्यात वाटलेली मेथी घालायची, कारण मेथीनं लगदा चिकट होतो आणि वाळल्यावर त्याला कीड लागत नाही. मग त्याच्या वाट्या, परड्या, बाहुल्या, बैल. फाटकी सुपं आणि टोपल्याही त्याच लगद्यानं लिंपायच्या. टाकून द्यायच्या लायकीचं सूप पुन्हा पाखडायला तयार.

ती पोरांना कधी रागावून शिकवत नसे. एखाद्यानं कागद टाकला की ती तो उचलून कानाशी धरायची.

"काय म्हणतोय गं आत्या?" पोरं विचारायची.

"म्हणतोय, मला वाटी व्हायचं होतं," आत्या सांगायची.

त्यानंतर त्या पोरानं पुन्हा कागद टाकल्याचं कुणी पाहिलं नाही, असं म्हणतात.

हळूहळू एक गंमत झाली. आत्यानं केलेल्या परड्या आणि डबे घरोघर गेले, तशा बायका बाजाराला जाताना तेच घेऊन जाऊ लागल्या. मीठ डब्यात, डाळ परडीत. पुडी नको म्हणायला लागल्या. मग आत्याच्या टोपलीत येणारा कागद कमी झाला. हैबतीला वाटलं, बहीण आता नाराज होणार. पण टोपली रिकामी आली की आत्या जास्तच हसायची. "घरात आलाच नाही, तर टाकायचा प्रश्नच नाही रे," ती म्हणायची. "आधी कमी आणा. आलाच तर पुरवून वापरा. मग उरेल तो माझा."

आणि याच दिवसांत तिच्या मनानं घेतलं, की आपण कागदाची कणगी करायची. कणगी म्हणजे धान्य साठवायचं भलंमोठं पिंप. ती बांबूची असते, हे सगळ्यांना माहीत. कागदाची कणगी कुणी ऐकलीसुद्धा नव्हती. आत्यानं बांबूच्या बारीक काड्यांचा सांगाडा केला आणि त्यावर लगद्याचा थर चढवला. तो वाळला की दुसरा. कागद आता थोडाथोडाच मिळायचा, म्हणून जवळजवळ अख्खा हिवाळा त्यात गेला. ओल लागू नये म्हणून आतून बाहेरून जवसाचं तेल आणि राळ यांचे हात दिले. कणगी तयार झाली तेव्हा उभा माणूस आत उतरला तर वर फक्त त्याचे खांदे आणि पागोटं दिसायचं, असं म्हणतात. काही लोक तर म्हणतात, ती देवळाएवढी होती. मी काही पाहायला गेलो नव्हतो.

गावात एक होता धुळबा नावाडी. माणूस मनाचा चांगला, पण पाण्याबद्दल आपल्याशिवाय कुणी काही बोललेलं त्याला खपत नसे. तो कणगी बघायला आला, तिच्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, "आत्या, कागद तो कागदच. पाण्याचा थेंब पडला की इरघळंल."

"मी काय नदीत सोडणार हाय का रं तिला?" आत्या म्हणाली.

आणि दोघं खूप हसली.

माघ महिना होता. नदी बारीक झाली होती. मधल्या बेटावर बोरींची दाटी होती आणि बोरं पिकून लालबुंद झाली होती. पोरं पात्रातल्या दगडगोट्यांवरून उड्या मारत बेटावर गेली. धुळब्याची लाडकी लेक गेनीही गेली. नदीला पाणी नाही म्हणून धुळब्यानं नाव काठावर ओढून ठेवली होती, आणि तिच्या तळाची कुजकी फळी काढून टाकली होती.

दुपार कलली आणि डोंगराकडे आभाळ काळं झालं. माघात कधी नव्हे तो पाऊस तिकडं कोसळला. गावात थेंब नाही, पण नदी घुमायला लागली. गढूळ पाण्याचा लोंढा आला आणि गोटे दिसेनासे झाले. बेट चारी बाजूंनी कातरल्यासारखं लहान होऊ लागलं. पोरं बोरींच्या झुडपांना धरून ओरडत होती. अख्खं गाव काठावर जमलं. धुळबा आपल्या तळ नसलेल्या नावेकडे बघत होता. पोहून जावं, तर ओढ अशी की पट्टीचा पोहणाराही वाहून जाईल.

तेवढ्यात मागून आवाज आला, "सरका, सरका!" हैबती आणि दहाबारा गडी कणगी खांद्यावर घेऊन धावत येत होते. पुढं आत्या, पदर खोचलेला.

"आत्या, आगं कागद हाय त्यो!" धुळबा ओरडला. "पाण्यात इरतो!"

"इरायच्या आत पोरं आणू," आत्या म्हणाली. "तू वल्हं घे."

धुळब्यानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा बेटाकडे. मग त्यानं वल्हं उचललं.

मोटेचा जाड नाडा, म्हणजे विहिरीतून पाणी ओढायचा दोर, कणगीला बांधला. त्याचं दुसरं टोक वरच्या अंगाच्या करंजाच्या झाडाला वेढून गड्यांनी धरलं. आत्या आणि धुळबा आत उतरले आणि कणगी पाण्यात पडली. लोकांनी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा ती भोवऱ्यासारखी फिरत होती, पण तरंगत होती! धुळब्यानं वल्ह्यानं तिला आवरलं आणि बेटाकडे वळवलं. असं म्हणतात, की त्या वेळी आत्या इतक्या मोठ्यानं हसली की पाणी दचकून हातभर मागं सरलं.

बेटावर पोरं रडत होती. आत्या म्हणाली, "रडायचं न्हाई. कोंबडीची पिल्लं कशी बसत्यात? दाटून बसा. आणि बोरं आणा बरूबर, काठावरच्यांना द्यायला!" रडणारी पोरं हसली. गेनी सगळ्यांत मोठी. ती म्हणाली, "आधी धाकली जाऊ द्या, म्या थांबती." धुळब्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि लहान पोरं आत घेतली.

एक खेप झाली, मग दुसरी झाली. शेवटच्या खेपेला बेटाचा नुसता माथा उरला होता. त्यावर गेनी आणि दोन पोरं, पाणी घोट्याला. त्यांना आत ओढलं आणि कणगी मागं फिरली. निम्म्या वाटेवर आत्याच्या तळपायाला गारवा लागला. तेल-राळ झिजून तळाशी एक जागा मऊ पडली होती. पाणी पाझरू लागलं होतं.

धुळब्यानं ते पाहिलं. "आत्या..."

"गप वल्हव," आत्या म्हणाली, आणि त्या मऊ जागेवर फतकल मारून बसली. "आता बघू पाणी कुठनं येतंय."

ती बसली ती बसलीच. पाणी थांबलं. गड्यांनी नाडा ओढला, कणगी काठाला लागली, पोरं उड्या मारून आयांना बिलगली. धुळब्यानं गेनीला खांद्यावर घेतलं आणि तो तिथंच वाळूत नाचायला लागला. पण आत्या काही उठेना. लगदा तिच्या लुगड्याला घट्ट चिकटला होता. चार बायांनी हात धरून ओढलं, तेव्हा ती सुटली. तळाचा गोल तुकडा मागं तसाच चिकटलेला! ते पाहून सगळं गाव हसत सुटलं. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं असेल, ते तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशी लोक कणगीला ठिगळ लावायला कागद घेऊन आले. घरात रद्दी कुठं उरली होती? म्हणून कुणी कोरे करकरीत ताव आणले. आत्यानं ते सगळे परत केले. "आधी पोरांना यावर लिहू दे," ती म्हणाली. "दोन्ही बाजूंनी. मग आणा." कणगीचं ठिगळ वर्षभर रखडलं. पण त्या वर्षी हिवरदरीची पोरं जेवढी लिहायला शिकली, तेवढी आजूबाजूच्या गावांत कुठंच शिकली नाहीत, असं म्हणतात.

आत्या खूप म्हातारी होऊन गेली. आता नदीवर पूल आहे आणि बाजारात कागदाच्या जोडीला आणखी काय काय आलंय. पण दर माघात हिवरदरीत आत्याची तुडवण होते. वर्षभराची रद्दी घेऊन घरोघरचे लोक येतात आणि ती दोणीत भिजवतात. दोणीत पहिलं पाऊल टाकायचा मान कुणाचा? ज्याच्या घरचा ढीग सगळ्यांत लहान, त्या घरच्या पोरांचा. म्हणून तिथली पोरं वर्षभर आईबापांवर नजर ठेवून असतात. "बाबा, पिशवी घेतली का? आई, डबा घेतलास का?"

तुडवणीच्या लगद्याच्या वाट्या करून ठेवतात. गावात बारसं झालं, की घुगऱ्या त्याच वाटीतून वाटतात. आपल्याकडे बाळाचं नाव आत्या ठेवते, हे तुम्हाला माहीत आहेच. एखाद्या बाळाला आत्या नसली, तर हिवरदरीत कुणाचं अडत नाही. गावातली सगळ्यांत थोरली बाई अशी एक वाटी बाळाच्या कानाशी धरते आणि तिच्यात हळूच नाव सांगते. मग बायका म्हणतात, "ठेवलं गं, सकवारआत्यानं नाव ठेवलं."

आणि बाळ हसतं, असं म्हणतात.