बिनकवाडाचा दवाखाना

सातवीणवाडीच्या पठारावर येणारा नवा माणूस बुचकळ्यात पडतो तो इथेच. घाट चढून धाप लागलेली असते, समोर कौलारू बैठं घर दिसतं. त्याला दगडी जोतं आहे, खिडक्यांना गज आहेत, आत दोन खाटा, औषधांचं कपाट, नर्सबाईंचं टेबल. पण पुढच्या चौकटीला कवाड नाही. पाहुण्याला वाटतं, दुरुस्तीला काढलं असेल. तसं नाही. या दवाखान्याला कवाड कधी बसलंच नाही. पावसाळ्यात वारा आडवा सुटला की चौकटीवर घोंगडी टाकतात आणि उघडीप झाली की काढून घेतात. दोनदा सरकारातून दार मंजूर होऊन आलं. दोन्ही वेळा वाडीनं ते खाली परत पाठवलं. भिंतीवर कुणा देणगीदाराच्या नावाची फरशीही सापडायची नाही. हे असं का, ते इथली जुनी माणसं सांगतात. सांगताना आवाज चढवत नाहीत, पण ऐकणाऱ्याला कळतं की यांचा राग अजून निवलेला नाही.

गोष्ट संस्थानी अमलातली, आताच्या म्हाताऱ्यांच्या पणज्यांच्या वेळची. वाडीत तेव्हा वीस-बावीस घरं, सगळी गवळी धनगरांची. म्हशी, थोडी नाचणी आणि वर्षातले चार महिने धुकं. वैद्य नाही, हकीम नाही. होती ती एक ठमाबाई झोरे, सुईण. लहानथोर तिला आत्याच म्हणत. पठारावरच्या पाच वाड्यांत जे जन्मलं ते तिच्या हातांत जन्मलं, असं सांगतात.

पण ठमाबाईला आपल्या हातांची हद्द ठाऊक होती. मूल पायाळू असलं तरी ती सोडवी. पोटात आडवं पडलेलं असलं की मात्र तिचं काही चालत नसे. अशा सात बायका तिच्या मांडीवर डोकं ठेवून गेल्या होत्या. पहाटे जात्यावर बसली की ती त्या सातही जणींची नावं घेई, म्हणे, देवाची घ्यावीत तशी.

अशात पायथ्याच्या दाभणे पेठेत दवंडी फिरली. इनामदार रायाजीराव मातोश्रींच्या स्मरणार्थ धर्मार्थ दवाखाना बांधणार होते. डोंगरातल्या गोरगरिबांसाठी. शहरात शिकलेला डॉक्टर, हत्यारं, भुलीचं औषध, सगळं फुकट. ठमाबाईचा ऐकीव गोष्टीवर भरवसा नव्हता. ती स्वतः दोन कोस घाट उतरून गेली आणि इनामदारांच्या कारभाऱ्याला गाठून तिनं एकच विचारलं, "आडवं मूल सोडवत्याल?"

कारभारी हसला. "अगं, शहरात पोट फाडूनसुद्धा सोडवतात."

त्या दिवशी ती घाट चढली ती जवळजवळ पळतच.

दवाखान्याच्या दाराला लाकूड हवं होतं. वाडीच्या मधोमध एक जुना फणस होता. त्याचे गरे सगळी वाडी वाटून खाई, आणि त्याच्या सावलीत पंच बसत. तो फणस द्या, असा कारभाऱ्याचा निरोप आला तेव्हा पंच कुरकुरले. ठमाबाई उभी राहिली. "द्या त्यो फणस. झाड फिरून लावता येतं. बाई गेली की फिरून येत न्हाई."

फणस पडला. त्याच्या पिवळ्याधमक फळ्या वाडीच्याच गड्यांनी खांद्यावर घेऊन घाटाखाली नेल्या. जाताना ते गात होते, असं सांगतात. आपल्याच घराला दार करतोय असं त्यांना वाटत होतं.

माघात दवाखाना पुरा झाला. डॉक्टर आला. वाकनीस त्याचं नाव, पंचविशीतला, नुकतीच परीक्षा देऊन आलेला. हत्यारांच्या पेट्या आल्या, कपाटात लागल्या. आणि दाराला बाहेरून कुलूप लागलं.

रायाजीरावांच्या मनात होतं, की दवाखाना बड्या गोऱ्या साहेबाच्या हातून उघडावा. साहेबाला सवड नव्हती. तो शिकारीला गेला, मग तापानं पडला, मग थंड हवेला गेला. दर वेळी नवी तारीख निघायची, मांडवाचे खांब रोवले जायचे, पताका लागायच्या आणि पुन्हा उतरायच्या. न वापरलेल्या भिंतींना दोनदा चुना झाला. डॉक्टर मागच्या खोलीत बसून, हत्यारं कुलपात, आणि किल्ली इनामदारांच्या घरी त्यांच्या उशाशी. फाल्गुन गेला, चैत्र गेला. डोंगरातली माणसं औषधाला येत, कुलूप बघत, जोत्यावर क्षणभर टेकत आणि परत चढून जात.

वैशाखात लाडीला कळा लागल्या.

लाडी अठरा वर्षांची, पहिलटकरीण. तिला या जगात आणलं होतं ते ठमाबाईनंच. पहाटे ठमाबाईनं तिच्या पोटावरून हात फिरवला आणि तो हात तिथेच थबकला. मूल आडवं होतं. थोड्या वेळानं मुलाचा एक हात बाहेर आला, निळसर, मूठ मिटलेला. ठमाबाईनं गड्यांना हाक मारली. घोंगडीची झोळी केली, बांबूला बांधली, लाडीचा नवरा बिरू आणि तिघं मिळून चौघांनी ती उचलली.

वाटेत लाडी एवढंच विचारत होती, "आत्ये, तितं डाक्तर हाय न्हवं?"

"हाय, लेकी. मी सवता बघितलाय."

दुपारी उन्हं डोक्यावर आली तेव्हा ते दवाखान्यापाशी पोचले. पुढे मांडव घालायचं काम चाललं होतं. साहेबाची तारीख पुन्हा निघाली होती, येत्या गुरुवारची. पहारेकरी आडवा आला. "साहेब येस्तवर कवाड उघडायचं न्हाई. सरकारांचा हुकूम हाय."

आरडाओरडा ऐकून डॉक्टर वाकनीस मागून अनवाणीच धावत आला. त्यानं झोळीत पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हिला आत घ्यायला हवं. भूल द्यावी लागेल. सगळं सामान आत आहे."

"मग घ्या की आत," ठमाबाई म्हणाली.

"किल्ली माझ्याकडे नाही, बाई."

त्यानं इनामदारांच्या घरी माणूस धावत पाठवला. माणूस परत आला. सरकार जेवायला बसले होते, त्यांना पानावरून कोण उठवणार? डॉक्टरनं त्याला पुन्हा पिटाळला. या खेपेला निरोप आला: नवी फरशी रक्तानं डागेल, चार दिवसांवर कार्य आलंय. काय बघायचं ते मागच्या पडवीत बघा.

ठमाबाई आयुष्यात कुणाच्या पाया पडली नव्हती. ती पहारेकऱ्याच्या पाया पडली. डॉक्टरच्या पाया पडली. डॉक्टर दारापाशी गेला. त्यानं तीनदा कुलपाला हात घातला आणि तीनदा काढून घेतला, असं सांगतात. मग तो पडवीत आला आणि नुसत्या हातांनी जे करता येईल ते करत राहिला. ते पुरेसं नव्हतं, हे त्याला ठाऊक होतं आणि ठमाबाईलाही. लाडी आधी ओरडत होती, मग कण्हू लागली, मग नुसती ठमाबाईकडे बघत राहिली. उन्हं कलली तेव्हा ती गेली. मूल आतच राहिलं.

ठमाबाई रडली नाही. तिनं लाडीचे डोळे मिटले, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि ती उठली. मांडववाल्यांची पहार खांबाला टेकून ठेवलेली होती. ती तिनं उचलली, दवाखान्याच्या दारापाशी गेली आणि बिजागरीत खुपसून हिसडा दिला. मग दुसरा.

दोन हिसड्यांत फणसाचं ते पिवळं कवाड चौकटीतून सुटून तिच्या अंगावर आलं.

दोनच हिसडे! आत चुन्याचा वास होता, पांढऱ्या चादरीची खाट होती, काचेच्या कपाटात हत्यारं लखलखत होती. ठमाबाई बघतच राहिली. पहार आपण आलो तेव्हाही तिथेच होती. दुपारभर तिथेच होती. आपण, चार गडी, एक डॉक्टर, इतका वेळ हात जोडून किल्लीची वाट बघत बसलो, आणि एवढंच करायचं होतं. इनामदाराचा राग तिला आलाच होता. पण त्या क्षणी ती जळली ती स्वतःवर, असं सांगतात, आणि तो जाळ मरेपर्यंत विझला नाही.

तिनं लाडीला त्या कवाडावर निजवलं. चौघांनी ते खांद्यावर घेतलं. पेठेतून, भर रस्त्यानं, ती पुढे आणि कवाड मागे. दुकानं एकामागून एक गप्प झाली. रायाजीराव घरी झोपाळ्यावर विडा चघळत बसले होते, सोबत चार पाहुणे. ठमाबाईनं कवाड त्यांच्या उंबऱ्यावर आडवं ठेवायला लावलं.

"सरकार, तुमच्या दवाखान्यातलं पयलं माणूस आणलंय. बघा."

रायाजीराव उभे राहिले. आधी त्यांची नजर मेलेल्या पोरीकडे गेली नाही, कवाडाकडे गेली. "हे मोडलं कुणी?"

"म्या मोडलं."

"गुन्हा आहे हा. मी एवढा धर्म करतोय आणि तुम्ही रानटी लोक—"

"धरम?" ठमाबाईचा आवाज त्या चौकात घुमला. "चार म्हैने कुलपात घालून ठिवलाय त्यो धरम? ह्यो फणस आमचा. ही पोर आमची. तुमचं काय हाय ह्यात? एक कुलूप तेवढं तुमचं. ते घ्या." आणि कडीसकट उपटून आलेलं ते कुलूप तिनं त्यांच्या झोपाळ्यावर फेकलं.

मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, आणि ते बोल वाडीत अजून जसेच्या तसे सांगतात: "आजपास्नं आमच्या दवाखान्याला कवाड न्हाई. जितं कवाड आसंल तितं आमी पाय ठिवणार न्हाई."

कवाड त्यांनी तिथून उचललं आणि लाडीला त्यावरच घेऊन घाट चढले. कुणाची अडवायची छाती झाली नाही.

इनामदारांनी दुसरं दार करवलं. ते बसवलं की पडे, म्हणे. एकदा पडलं, दोनदा पडलं, आणि गुरुवारी साहेबाची बग्गी पेठेत शिरली तेव्हा तिसऱ्यांदा पडलं. काही म्हणतात, लाडीचा हात होता. काही म्हणतात, पेठेतल्या सुतारानं खिळे मुद्दामच आखूड ठोकले. त्याच्याही लेकीचे दिवस त्या महिन्यात भरले होते. खरं खोटं देव जाणे. साहेब उघड्या चौकटीकडे बघत उभा राहिला, काय झालं म्हणून त्यानं विचारलं, आणि भोवतीच्या दोनशे माणसांतून एकानंही तोंड उघडलं नाही. तो तसाच बग्गीत बसून परत गेला. दाभण्यात त्या जागी आता घाणेरीचं रान आहे.

पंधरवड्यानं डॉक्टर वाकनीस घाट चढून वर आला. पाठीवर हत्यारांची पेटी, पायांना फोड. ठमाबाई गोठ्यात शेण काढत होती. तो तिच्यापुढे उभा राहिला आणि त्यानं हात जोडले.

तिनं शेणाची पाटी भरून बाहेर नेऊन टाकली. मग म्हणाली, "माफी मागायची आसंल तर लाडीकडं माग. माझ्याकडं काम माग."

त्यानं काम मागितलं. ठमाबाईनं आपला गोठा रिकामा केला, म्हशी उघड्यावर बांधल्या. गोठ्याला दार नव्हतंच. फणसाचं कवाड धुऊन चार दगडांवर ठेवलं, आणि तीच पहिली खाट झाली. पाच वाड्यांनी नाचणी दिली, तूप दिलं, जुनी लुगडी उकळून पट्ट्यांना दिली. एकतीस वर्षं डॉक्टर तिथे राहिला, असं सांगतात. त्या कवाडावर आडवी मुलं सुखरूप जन्मली, एक नव्हे, कितीतरी. ठमाबाई त्याच्या शेजारी उभी राहून दिवा धरी, पाणी देई, हात कसा घालायचा ते शिकून घेई. पण त्याच्या नावानं तिनं त्याला कधी हाक मारली नाही आणि त्याच्या घरचं पाणी कधी प्याली नाही. त्यानंही कधी तशी अपेक्षा धरली नाही.

दार नाही म्हणून राखण हवी, म्हणून तिनं घरटी पाळी लावून दिली. पाळीच्या घरातली एक बाई उंबऱ्यावर बसायची. आलेल्याला थांबवायला नाही, आत घ्यायला.

आजही ती पाळी चुकत नाही. गोठ्याच्या जागी पक्कं घर झालं, नर्सबाई सरकारी आल्या, तरी उंबऱ्यावर वाडीची बाई असतेच. कुणी मोठा माणूस दान घेऊन आला तर तिथेच त्याला सांगतात की द्यायचं असेल ते आता द्या. हार, नारळ, तारीख असलं इथे काही होत नाही. गेल्या वर्षी पायथ्याला नवी रुग्णवाहिका आली. कुणा मोठ्या माणसाच्या हातून ती सुरू व्हायची होती, तारीख मिळेना, म्हणून ताडपत्रीखाली उभी करून ठेवलेली. नवव्या दिवशी पाच वाड्यांच्या बायका घाट उतरल्या. त्यांनी ताडपत्री ओढून बाजूला टाकली, दिवस भरलेली एक पोर आत बसवली, आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "चल."

तो इकडेतिकडे बघू लागला. बायका हलल्या नाहीत. त्यानं गाडी सुरू केली.

पुढे महिन्यानं तारीख मिळाली, मांडव उभा राहिला, मोठी माणसं आली, भाषणं झाली. तोवर त्या गाडीत तीन मुलं जन्मली होती.