पाठीवरची माती

एकदा एका वस्तादांकडे असा शिष्य आला, ज्याला सगळं आधीपासूनच येत होतं.

वस्तादांचं नाव बाबालाल. महामार्गाच्या कडेला, वीटभट्ट्यांच्या थोडं अलीकडे त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं, आणि आयुष्याची चाळीस वर्षं त्यांनी ट्रकच्या पोटाखाली काढली होती. शिष्याचं नाव निवास. वय तिशीच्या पुढे, हातात डिप्लोमा, गाठीला शहरातल्या मोठ्या वर्कशॉपमधला सहा वर्षांचा अनुभव. घरच्या अडचणीमुळे गावी परतावं लागलं, म्हणून तो वस्तादांकडे राहिला. येताना त्याने आपला स्कॅनर सोबत आणला होता. शाळेच्या पाटीएवढं ते यंत्र गाडीच्या वायरीला जोडलं की इंजिनाचं दुखणं पडद्यावर अंकांत उमटे. त्या अंकांना निवास कोड म्हणे. कोड वाचावा, त्याचा अर्थ पाहावा, तो भाग बदलावा. इतकं स्वच्छ काम.

गॅरेजची मात्र एक जुनी रीत होती. गाडी तपासून कोणीही 'अमुक बिघडलंय' असं सांगायला आला, की वस्ताद आधी म्हणत, "वळ. पाठ दाखव." सदऱ्याच्या पाठीला माती लागलेली असेल तरच पुढचं ऐकून घेत. निवासला हा म्हाताऱ्या माणसाचा एक छंद वाटे. त्याच्या सदऱ्याची इस्त्री संध्याकाळपर्यंत मोडत नसे, आणि त्याला त्याचा मनातून अभिमान होता.

एके दिवशी सकाळी दहाच्या सुमारास एक जुना ट्रक आवारात शिरला. सीएनजीवर चालणारा, निळा रंग उडालेला. हौद्यात लोखंडी सांगाडे, दोरांनी बांधलेल्या रंगीत पाळण्यांच्या बैठका, आणि सगळ्यांच्या वर एक लाकडी घोडा आकाशाकडे तोंड करून आडवा पडलेला. ट्रकची मालकीण कोंडाबाई. गावोगावच्या जत्रांत त्यांचा मोठा आकाशपाळणा लागे, आणि लहानथोर सगळे त्यांना आक्का म्हणत. त्यांनी दार उघडून थेट खाली उडी घेतली.

"वस्ताद, आता तुम्हीच! उद्या जत्रा. आज अंधार पडायच्या आत मैदानात पोचून पाळण्याचा खांब तरी उभा झाला पाहिजे. जत्रेची कमिटी म्हणते, धुराच्या तपासणीचा दाखला आणा. आणि तो तपासणीवाला म्हणतो, समोरचा पिवळा दिवा विझल्याशिवाय मी नळीसुद्धा लावणार नाही. पाचला शटर ओढतो मेला!"

"दिवा कधीपासून लागतोय?" निवासने विचारलं.

"चार दिवस झाले," ड्रायव्हर मल्हारी म्हणाला. पंधरा वर्षं हाच ट्रक चालवणारा हा माणूस बोलायला कमी होता.

निवासने स्कॅनर जोडला. क्षणभरात पडदा उजळला. "पी शून्य चारशे वीस," त्याने वाचलं.

"चारशे वीस?" आक्कांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे माझा ट्रक लबाड निघाला म्हणा की!"

निवासही हसला. मग समजावून सांगू लागला, "आक्का, धुराच्या पाइपात एक डबा असतो, कन्व्हर्टर. विषारी धूर त्यात शिरतो आणि बराचसा निवळून बाहेर पडतो. हा कोड सांगतो की डबा काम करत नाही. जुनी गाडी आहे, आतून जळाला असणार. नवा मागवावा लागेल."

"किती वेळ?"

"चार दिवस."

आक्का मटकन एका टायरवर बसल्या. चार दिवसांत जत्रा उठून गेलेली असणार होती. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "पण जळतो कशानं?"

परीक्षेत उत्तर द्यावं तसं निवासने दिलं, "चुकीच्या हाकण्यानं. इंजिन आतून अडखळत असताना तसंच दामटत राहिलं, की जळतो."

आक्कांची मान मल्हारीकडे वळली. "घाटात सांगत होते मी! रेटू नको, रेटू नको! ऐकशील तर शपथ. फिरवलास ना जत्रेवर बोळा?"

मल्हारीने डोक्यावरची टोपी काढली, हातात घेतली, आणि पुढच्या चाकापाशी जाऊन उकिडवा बसला.

एवढ्यात वस्ताद हात पुसत आले. त्यांनी ट्रककडे पाहिलं, मल्हारीकडे पाहिलं, आणि म्हणाले, "निवास, वळ. पाठ दाखव."

निवास नाइलाजाने वळला.

"इस्त्री छान झालीय," वस्ताद म्हणाले.

"वस्ताद, कोड अगदी स्पष्ट आहे. खाली झोपून वेगळं काय दिसणार?"

"अहो, भांडता काय!" आक्का मध्येच म्हणाल्या. "त्या यंत्रानं दिवा पुसता येत नाही का? दाखल्यापुरता?"

"येतो की. एक बटण दाबायचं," निवास म्हणाला, पण वस्तादांचा चेहरा पाहून त्याचं बोट जागच्या जागी थांबलं.

"आक्का," वस्ताद शांतपणे म्हणाले, "पाळण्याचा बोल्ट करकरायला लागला, तर तुम्ही आपल्या कानात कापूस घालून पोरं बसवता का?"

आक्कांनी जीभ चावली. "नाही हो. चुकले."

"मग आधी ट्रक गार होऊ द्या." असं म्हणून वस्तादांनी चक्क जेवणाचा डबा उघडला.

निवास थक्क झाला. घड्याळ पुढे सरकत होतं, आणि हे भाकरी मोडत होते! वस्तादांनी मल्हारीला हाक मारून आपल्या उजव्या हाताला बसवलं, त्याच्या भाकरीवर उसळ वाढली, आणि पाळण्याचा खांब एकटा माणूस कसा उभा करतो, याच्या गोष्टी त्याच्याकडून काढून घेतल्या. बारा वाजले. मग त्यांनी पाइपाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "झाला गार. निवास, माझ्या खणातला दाढीचा ब्रश आण. आणि साबणही."

निवासला वाटलं, आता म्हातारा दाढी करणार!

"आक्का, पोरांसाठी ती हवा भरून फुगवायची घसरगुंडी असते, तिचा पंखा आहे का बरोबर?"

"आहे की."

पंखा उतरवला गेला. वस्तादांनी त्याचं तोंड सायलेन्सरच्या टोकाला लावून भोवती ओलं गोणपाट आवळून बांधलं आणि पंखा सुरू केला. हवा उलट दिशेने पाइपात घोंघावू लागली. त्यांनी वाटीत साबणाचा भरपूर फेस केला आणि ब्रश निवासपुढे धरला. "माझे गुडघे आता वाकत नाहीत. दाढी तू कर. जिथे जिथे पाइपाला सांधा आहे, तिथे तिथे."

"खाली काही अंथरू का?"

"माती चावत नाही."

आक्का तोंडाला पदर लावून हसत होत्या. निवास इस्त्रीच्या सदऱ्यानिशी जमिनीवर आडवा झाला आणि सरपटत आत गेला.

खालून जग निराळंच दिसत होतं. जिथे त्याने आजवर फक्त आकृत्या पाहिल्या होत्या, तिथे चिखलाचे पापुद्रे होते, कोण जाणे कुठल्या जत्रेतला पताकेचा एक तुकडा अडकलेला होता. पलीकडे चाकांच्या मधून मल्हारीचे पाय दिसत होते. एका चपलेचा अंगठा तारेने बांधलेला. निवासची नजर तिथे थोडा वेळ रेंगाळली. मग त्याने ब्रश उचलला.

पहिला सांधा. फेस जसाच्या तसा. दुसरा सांधा. तसाच. तिसरा सांधा कन्व्हर्टरला लागून, धूर तपासणाऱ्या मागच्या सेन्सरच्या अगदी अलीकडे. ब्रश फिरवला मात्र, आणि फेसातून एक बुडबुडा वर आला. आधी बोराएवढा, मग लिंबाएवढा, मग फट्! त्याच्यामागून दुसरा, तिसरा, नुसती रांग लागली.

"वस्ताद!" निवास आतूनच ओरडला आणि त्याला हसू आवरेना. "इथे बुडबुडे! अहो, ढिगाने बुडबुडे!"

आक्का हातापायांवर रांगत खाली डोकावल्या. "अगं बाई! पोरं इथंच तिकीट काढतील की रे!" मल्हारीही वाकला. तिघांची डोकी एका फेसाभोवती जमली.

फेस पुसल्यावर दिसलं, सांध्याच्या तीन बोल्टांपैकी एक पडून गेला होता, आणि आतलं पॅकिंग एका अंगाने जळून तिथे बोटाच्या नखाएवढी फट राहिली होती.

वस्ताद एका स्टुलावर बसले होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "निवास, त्या डब्याच्या पुढे एक सेन्सर आहे, मागे एक. दोन दारांवरचे दोन पहारेकरी. पुढचा आत जाणारा धूर हुंगतो, मागचा बाहेर पडणारा. दोघांचं सांगणं वेगळं असेल तर डबा काम करतोय. मागचाही पुढच्यासारखंच सांगायला लागला, की यंत्र लिहितं, डबा गेला. बरोबर?"

"बरोबर," निवास खालून म्हणाला.

"मग मागच्याच्या शेजारी भिंतीला भोक पडलं आणि इंजिनाच्या दर हिसक्याला बाहेरची हवा आत शिरू लागली, तर तो काय हुंगेल?"

निवासने त्या फटीवर बोट ठेवलं. मग म्हणाला, "बाहेरची हवा. म्हणजे दर हिसक्याला तोही पुढच्यासारखंच बदलून सांगेल."

"त्याने हुंगलं ते सांगितलं. यंत्राने ऐकलं ते लिहिलं. दोघेही खरं बोलले. पण ती एक तक्रार होती बाबा, आणि तू तिचा निकाल करून टाकलास. तक्रार कान देऊन ऐकावी, आणि मग ती जिथून आली तिथे जाऊन आडवं पडावं. माणूस उभ्याउभ्या निकाल द्यायला लागला, की तो निकाल जो समोर दिसेल त्याच्या डोक्यावर जाऊन बसतो." वस्तादांनी मल्हारीकडे पाहिलं. "म्हणून मी पाठ बघतो. दुसरं काही नाही."

निवासला पुन्हा ती तारेने बांधलेली चप्पल दिसली. तो सरपटत बाहेर आला आणि मल्हारीसमोर उभा राहिला.

"मल्हारीदादा, मी पुस्तकातलं बोललो. तुमचं हाकणं मी कधी पाहिलेलंसुद्धा नाही."

मल्हारीने टोपी डोक्यावर चढवली. "मग बघायला चला की."

पॅकिंग नवं बसलं, पडलेल्या बोल्टच्या जागी नवा बोल्ट आला, उरलेले दोन आवळले गेले. मग वस्ताद स्वतःच म्हणाले, "आता पूस तो दिवा. आता पुसण्यात पाप नाही." निवासने बटण दाबलं आणि तिघे ट्रकमध्ये चढले. मल्हारी चाकावर, निवास खिडकीशी मांडीवर स्कॅनर घेऊन, आणि मध्ये आक्का दाटीवाटीने. मल्हारीचं हाकणं पाहून निवास चकित झाला. भरल्या ताटाला धक्का लागू नये तसा हा माणूस गिअर बदलत होता.

स्कॅनरच्या पडद्यावर आता दोन रेषा धावत होत्या. पुढच्या सेन्सरची रेषा वर खाली, वर खाली झुलत होती. मागच्याची सरळ, शांत.

"ही झुलते ती काय बिघडलेली?" आक्कांनी विचारलं.

"नाही आक्का. तिने झुलायचंच. मागचीने स्थिर राहायचं. सकाळी दोघी झुलत असणार."

"असं होय! म्हणजे एक माझा पाळणा आणि एक त्याचा खांब. पाळण्यानं झुलावं, खांबानं नाही."

निवास त्यांच्याकडे बघतच राहिला. "आक्का, कॉलेजात मला इतकं सोपं करून कुणी सांगितलं नव्हतं."

"फी भरली नसशील माझ्याकडं," आक्का म्हणाल्या.

पंचवीस किलोमीटर होऊनही पिवळा दिवा लागला नाही. साडेचारला तपासणीवाल्याने नळी लावली, कागद छापून हातात दिला, आणि ट्रक तसाच मैदानाच्या वाटेला लागला. लाकडी घोडा अजून आकाशाकडेच बघत होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वस्ताद आणि निवास जत्रेला गेले. पाळणेवाल्यांचा नेम असा, की नव्या मैदानावर पहिली फेरी रिकामी फिरवायची, आणि दुसऱ्या फेरीत ज्याचा मान असेल त्याला बसवायचं. रिकामी फेरी झाली. आक्कांनी गर्दीसमोर मल्हारीचा हात धरला.

"घाटावरनं तुला बोलले, ते सगळ्यांदेखत मागं घेते. चल, बस."

मल्हारी पाळण्याच्या टोकाकडे पाहून मागे सरला. "आक्का, पंधरा वर्षं वाहतोय मी हा, पण बसलो कधी नाही. मला भ्या वाटतं उंचीचं!"

हशा पिकला. शेवटी निवास त्याच्या शेजारी बसला, तेव्हा कुठे तो तयार झाला. पाळणा वर गेला, आणि अगदी टोकावर, सगळी जत्रा दिव्यांसकट पायाखाली पसरलेली असताना, बोलायला कमी असलेला मल्हारी दोन्ही हात वर करून लहान पोरासारखा ओरडला. खाली वस्ताद टाळ्या वाजवत होते.

सोमवारी गॅरेजात एक टेम्पो आला. निवासने कोड वाचला आणि तो टेम्पोच्या मागे गेला, तिथे अंथरलेलं जुनं गोणपाट बाजूला सारलं आणि खाली शिरला. बऱ्याच वेळाने वस्तादांपुढे येऊन उभा राहिला. वस्तादांनी तोंड उघडण्याआधीच तो वळला.

पाठीवर लाल माती होती, तेलाचा एक डाग होता, आणि बरोबर मधोमध एक वाळकं पान चिकटलं होतं.

वस्तादांनी ते पान हलकेच काढलं. "हं," ते म्हणाले, "आता सांग."