चिरकत गेलेला आवाज

एकदा एका वृद्ध मोटार कारागिराकडे धान्याचा एक व्यापारी आपली जुनी गाडी घेऊन आला. तिचे इंजिन निराळ्या जातीचे होते. नेहमीच्या इंजिनात दट्टे खाली-वर होतात. ह्यात तीन कोनांचे दोन जड रोटर एकाच दांड्यावर, एकामागे एक, आपापल्या धातूच्या घरात गरगर फिरत. असे इंजिन आता कोणी बनवत नव्हते. त्याचे सुटे भागही मिळत नव्हते.

"वस्ताद, घाटात दमते हो," व्यापारी म्हणाला. "थोडा जोर वाढवा. पण बेताने. मला शर्यतीत जायचं नाही, बाजारपेठेतून घरी जायचंय. शेजारी आमची मंडळी बसतात. त्यांना धक्के सोसत नाहीत आणि मला त्यांची बोलणी सोसत नाहीत."

इंजिनाचा जोर त्याच्या श्वासावर असतो. हवा आत येण्याची आणि धूर बाहेर जाण्याची तोंडे किंचित घासून मोठी केली, तर ते मोकळा श्वास घेते. प्रमाणाबाहेर मोठी केली, तर वेगात सुसाट पळते. पण हळू चालवताना धापा टाकते.

हवेची तोंडे वृद्धाने स्वतः घासली. धुराची तोंडे दोन होती, प्रत्येक घराला एक. ती त्याने आपल्या दोन शिष्यांना वाटून दिली. पत्र्याचा फर्मा ठेवून दोन्हींवर सुईने रेघ ओढली आणि म्हणाला, "माझे डोळे थकले आता. ज्याचं तोंड ह्या रेघेला अधिक जवळ बसेल, त्याच्या हाती कारखान्याची किल्ली देईन."

थोरला शिष्य ऐन तारुण्यात आला होता; आता त्याच्या कानशिलांवर पांढरे उतरले होते. धाकटा मागाहून आलेला. त्याचा हात चपळ आणि जिभेवर साखर. गिऱ्हाईक दारातूनच त्याला हाक मारी. ते थोरल्याला सलत असे. किल्ली त्याच्याकडे गेली, तर ह्या वयात आपल्याला त्याच्या हाताखाली राबावे लागेल, हा विचार त्याला घास गिळू देत नव्हता.

शेजारशेजारच्या बाकांवर काम सुरू झाले. थोरला थोडा धातू काढी, थांबे, फर्मा लावी, बोटाने कड चाचपून पाही.

"दादा, तुझं होईपर्यंत शेट पायी घरी पोचतील बघ!" धाकटा हसला.

"तू तुझं बघ," थोरला म्हणाला.

दुपारी धाकट्याच्या ग्राइंडरचा आवाज बदलला. धातू जाड असतो तोवर हा आवाज घुमतो. इंजिन थंड ठेवणारे पाणी ज्या भिंतीपलीकडून वाहते ती भिंत पातळ होऊ लागली, की तोच आवाज चिरका होत जातो. हे ओळखण्याइतका धाकट्याचा कान तयार झाला नव्हता. थोरल्याचा झाला होता. त्याने आपला ग्राइंडर थांबवला आणि मान वर केली. मग पुन्हा आपल्या रेघेवर वाकला.

संध्याकाळी वृद्धाने फर्मा लावून पाहिला. थोरल्याचे तोंड रेघेवर तंतोतंत बसले. धाकट्याचे रेघ ओलांडून बरेच पुढे गेले होते. भिंत फुटली नव्हती, एवढेच.

"भरून नाही का घेता येणार, वस्ताद?" धाकट्याचा चेहरा उतरला होता.

"वेल्डिंगच्या आचेने घर वाकेल, आतला मुलामा सोलून निघेल. काढलेला धातू परत येत नाही, बाळा."

एवढे बोलून वृद्धाने थोरल्याचे घर उचलले, शिकंज्यात आवळले आणि त्या निर्दोष तोंडाची कड तो स्वतःच्या हाताने कापू लागला.

"वस्ताद! ते बरोबर आहे!" थोरला ओरडला. "चुकलंय ते त्याचं!"

वृद्ध थांबला नाही. दोन्ही तोंडे एकसारखी झाली, तेव्हा त्याने ग्राइंडर खाली ठेवला, चष्म्यावरचा कीस पुसला आणि धाकट्याला चहा सांगायला पाठवले.

"एवढी वर्षं इमानाने राबलो, त्याचं हे फळ?" थोरला म्हणाला.

"दोन्ही रोटर एका दांड्यावर आहेत," वृद्ध म्हणाला. "एकाचा श्वास मोकळा आणि दुसऱ्याचा आखूड असला, तर दोघांची ओढ जुळत नाही. दांडा हादरत राहतो, बेअरिंगं खातो. तुझं बरोबर तसंच ठेवलं असतं, तर इंजिन मेलं असतं. चूक कमी करता येत नव्हती, म्हणून वाटून घ्यावी लागली." मग तो हलक्या आवाजात म्हणाला, "दुपारी त्याचा आवाज चिरकला, तेव्हा तुझा ग्राइंडर थांबला होता. मला वाटलं, आता हा उठेल."

"मग तुम्ही का नाही उठलात?"

"तू उठतोस का, ते पाहत होतो. म्हणजे बिचाऱ्या गिऱ्हाइकाचं इंजिन मी तुझ्या परीक्षेला लावलं. एका दांड्यावरच्या दोघांना एकमेकांविरुद्ध जुंपलं, ते पाप माझं. पण शब्द दिला होता. रेघेवर तूच होतास." आणि त्याने किल्ली बाकावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी धाकटा आपली हत्यारे गुंडाळून निघाला. जाताना तो थोरल्याच्या पायाशी वाकला. "दादा, माझ्यापायी तुझं सोन्यासारखं काम गेलं. पोटात घाल." थोरल्याने त्याला उठवले. हत्यारांची गुंडाळी त्याच्या हाती दिली.

पुढे व्यापारी वरचेवर येऊ लागला. "घाटात उडते हो, पण बाजारात धापा टाकते. मंडळी आता रिक्षाने येतात!" थोरला कार्ब्युरेटरचा स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवी. त्याने काही होणार नाही हे त्याला ठाऊक होते. गावात बोलले जाई, की धाकट्याने घोटाळा केला आणि पळाला. थोरल्याने ते कधी खोडून काढले नव्हते.

एक दिवस व्यापाऱ्याने सरळच विचारले, "हे सगळं त्या पोरानंच करून ठेवलं ना?"

थोरल्याची नजर शेजारच्या रिकाम्या बाकाकडे गेली. कमरेची किल्ली त्याला एकाएकी जड वाटली.

"त्याचा हात पुढे गेला, शेट," तो म्हणाला. "मला ते ऐकू येत होतं."

व्यापाऱ्याला त्यातले काहीच उमगले नाही. गाडी धापा टाकत वळणापर्यंत गेली. ती दिसेनाशी झाल्यावरही थोरला दारात ऐकत उभा होता.