आत कुणी आणलं?

"पण चाचा, कमी मीच का घ्यायचं?"

दस्तगीर चाचा मैदान झाडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणी घे म्हणालंय?"

"सगळेच म्हणतायत. पेपरवाले म्हणतात, मॅनेजर म्हणतो. संघाला खर्चायला आकडा ठरवून दिलेला असतो, त्याच्यावर एक पैसा चालत नाही. मी माझं पुरं घेतलं, तर यल्लाप्पाला सोडावं लागतंय. मी थोडं सोडलं, तर तो राहतोय. संध्याकाळपर्यंत कळवायचंय."

चाचा गावाबाहेरच्या पिराची दिवाबत्ती बघत आणि पिरासमोरच्या मैदानावर पोरांना कबड्डी शिकवत. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांत धैर्यशील सगळ्यात मोठा झाला. त्याच्यासारखी चढाई करणारा गडी आज देशात नाही, असं लोक म्हणत आणि धैर्यशील त्यांना अडवत नसे.

तो विचारायला आला होता हे खरं. पण 'घे बाबा, तुझा हक्कच आहे,' एवढंच ऐकून परत जायचा त्याचा बेत होता.

"यल्लाप्पा म्हंजे डाव्या कोपऱ्यातला? घोटा धरतोय त्यो?"

"तोच."

"बरा धरतोय."

"धरतो की. पण त्याला बघायला लोक तिकीट काढत नाहीत, चाचा."

हेही खोटं नव्हतं. पोस्टरवर मांडी थोपटणारा धैर्यशीलच असायचा. यल्लाप्पाचं चित्र त्याच्या आईनं तरी कुठं छापलेलं पाहिलं असेल की नाही, देव जाणे.

चाचांनी खराटा थांबवला.

"मग मालक किती सोडतोय?"

"मालक?"

"व्हय. तू पैसं सोडायचं, न्हाईतर यल्लाप्पानं संघ सोडायचा. मालकानं काय सोडायचं?"

धैर्यशील हसला. "मालक कधी सोडतो होय?"

"असं व्हय..." चाचांना खरोखरच नवल वाटलं.

धैर्यशीलला जोर चढला. त्यानं विजारीचा पाय वर सरकवून गुडघ्यावरचा व्रण दाखवला.

"आणि हा बघा. अजून दोन-तीन हंगाम निघतील. पुढं कोण विचारतंय? आई म्हणते, मिळतंय तोवर घे."

"आई खरं बोलती."

"म्हणजे घेऊ पुरं?"

खराट्याचा दांडा उलटा धरून चाचांनी मैदानाच्या मागच्या रेषेबाहेर, मातीत एक चौकोन ओढला.

"बस हितं."

"कशाला?"

"बाद झालायस."

धैर्यशीलनं आधी आपल्या पांढऱ्या बुटांकडं पाहिलं, मग गाडीपाशी उभ्या असलेल्या ड्रायव्हरकडं. ड्रायव्हरनं शहाण्यासारखं तोंड फिरवलं. देशातला पहिल्या नंबरचा गडी मातीत मांडी घालून बसला.

चाचा पुन्हा झाडू लागले.

ऊन वर आलं. पिराच्या चिंचेवर साळुंक्या भांडत होत्या. धैर्यशीलच्या पायाला मुंग्या आल्या.

"चाचा, आत येऊ?"

"ये की."

तो उठला. एक पाऊल उचललं आणि ते रेषेवरच अडलं. लहानपणापासून अंगात मुरलेली गोष्ट होती. बाद झालेला गडी आपणहून आत येत नाही. आपल्यातल्या कुणीतरी समोरचा गडी टिपावा लागतो, पकडावा लागतो, तेव्हा कुठं बाहेरचा एक आत येतो.

"का रं? मी तर ये म्हणालोय."

"असं आपलं आपण येता येतंय का, चाचा?"

"मग फायनलला कसा आलास?"

"फायनलला?"

"पहिल्या डावात तुला धरलंनी. तू भाईर जाऊन बसलास. आन् परत आत आलास, म्हणून तर जितलासा. तुला आत कुणी आणलं?"

"यल्लाप्पा असेल."

"असंल?"

धैर्यशील आठवू लागला. आपल्याला कुणी धरलं ते त्याला लख्ख आठवत होतं. पंचांनी घाई केली होती, तेही आठवत होतं. बाहेर बसल्यावर त्यानं तोंडावर टॉवेल घेतला होता. मग लोक ओरडले, कुणीतरी पाठीवर थाप मारून 'चल' म्हणालं, आणि तो आत होता.

मधलं काहीच नव्हतं.

त्यानं खिशातून फोन काढला. त्या सामन्यातल्या त्याच्या चढाया एका चाहत्यानं कापून, जोडून, गाणं लावून पाठवल्या होत्या. त्यानं त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिल्या. एका चढाईत तो पकडला जात होता आणि लगेच पुढच्या चढाईला निघत होता. घोडं नेमकं इथंच पेंड खात होतं.

"यात नाही..." तो म्हणाला. "चाचा, तुम्हीच सांगा ना. तुम्ही पाहिलाय सामना."

"चहाच्या टपरीवर बघितला. ऐन वक्ताला सदबा मुल्ला टीव्हीम्होरं उभा ऱ्हायला, तंबाखू मळत. त्यो बाजूला झाला तवा तू आत हुतास." चाचांनी खांदे उडवले. "मला म्हाईत असतं, तर तुला कशाला इचारलं असतं? तवापास्नं डोक्यात किडा वळवळतोय."

म्हणजे ही परीक्षा नव्हती. म्हाताऱ्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. धैर्यशीलला कधी नव्हे ते ओशाळल्यासारखं झालं. इतक्या महिन्यांत ही गोष्ट त्याच्या मनातही आली नव्हती.

तो खाली बसला. मग एकदम ताठ झाला.

"ठरलं. मी कमी घेतो. यल्लाप्पासाठी सोडले पैसे!"

आवाज ड्रायव्हरपर्यंत जाईल असाच होता.

"उद्या पेपरात यील मग," चाचा म्हणाले.

"...येईल."

"फोटू?"

धैर्यशील बुटावरची माती झटकू लागला.

"बस. अजून भाईरच हाईस."

धैर्यशीलची मान खाली गेली. हातात फोन वाजायला लागला. पडद्यावर मॅनेजरचं नाव होतं. पुरं घेतो म्हणायला त्याची जीभ वळेना. कमी घेतो म्हणावं, तर आत्ताच त्याला स्वतःचीच लाज वाटली होती.

"चाचा, मॅनेजरचा फोन. काय सांगू?"

चाचांनी खराटा चिंचेला टेकवला. रेषेपाशी येऊन ते त्याच्यासमोर उकिडवे बसले. फोन वाजतच होता.

"सांग त्यास्नी, मी बाद हाय. ज्यानं मला आत आणलं त्यो गडी घावला, की त्याला घिऊन येतो."