कोऱ्या रक्ताची कुपी

एकदा एक वृद्ध रसायनशास्त्रज्ञ होते. राजाच्या पदरी वगैरे नव्हेत. महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर तालुक्याच्या गावी दोन खोल्यांची प्रयोगशाळा चालवीत. लोक त्यांना आप्पासर म्हणत. मोजण्याच्या विद्येत त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नव्हता, आणि त्यांच्याइतका खडूसही कोणी नव्हता. प्रयोगशाळेत येणाऱ्याने हाताला क्रीम लावायचे नाही, अत्तर लावायचे नाही, पाण्याची प्लास्टिकची बाटली उंबऱ्याबाहेर ठेवायची. "जे शोधायचं तेच अंगाला फासून आलात, तर यंत्राला काय सापडणार? तुम्हीच सापडाल!" असे ते म्हणत.

त्यांची एक शिष्या होती, हेमांगी. बुद्धीने तल्लख, धीराने अंमळ उणी.

एके दिवशी मंजुळा नावाची एक कामगार स्त्री त्यांच्या दारी आली. गावाबाहेर एका शेठचा कारखाना होता, तिथे नेलपॉलिश बनत असे. मंजुळा सात वर्षे बाटल्या भरण्याच्या टेबलावर बसत होती. या सात वर्षांत दोनदा तिची कूस रिकामी झाली होती आणि आता पुन्हा तिसरा महिना चालू होता.

"ताई, ते वासाचं औषध रक्तात उतरतं का, एवढंच सांगा," ती हेमांगीला म्हणाली. "हे गेलं तर मी काही पुन्हा उभी राहत नाही."

शेठ दुष्ट नव्हता. आपल्यासारखाच होता, म्हणजे पुरावा मागणारा. हेमांगी त्याला भेटायला गेली तेव्हा तो म्हणाला, "बाहेरच्या माणसांपेक्षा माझ्या बायकांच्या रक्तात जास्त निघालं, तर मंजुळाला त्याच पगारावर कागदी खोक्यांच्या खोलीत बसवतो आणि टेबलावर हवा ओढणारे पंखे लावतो. पण निघालं पाहिजे."

बोली ठरली. प्लास्टिक मऊ करणारे आणि नेलपॉलिशला तडे जाऊ न देणारे जे एक रसायन असते, ते रक्तात किती आहे हे मोजायचे होते. हेमांगीने कारखान्यातल्या दहा जणींचे रक्त घेतले. तुलनेसाठी कोरी, म्हणजे रक्तात ते रसायन नसलेली माणसे हवी होती. इथे तिची चूक झाली, आणि ही चूक शिकलेल्या माणसाकडूनच होते. जो हात लावत नाही तो स्वच्छ, असे तिने धरले. कारखान्याला हात न लावणारे घर कोणते? शेठचेच. तिने शेठच्या घरच्यांचे रक्त घेतले. त्यात त्याची लेक नंदिताही होती. ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. नुकतेच तिचे डोहाळजेवण झाले होते आणि ओटीत फळांइतक्याच क्रीमच्या डब्या आणि सुगंधी फवारे पडले होते.

आकडे आले. मंजुळाचा एकतीस, नंदिताचा चौतीस.

शेठला काय आनंद झाला म्हणता! "बघा, माझ्या लेकीत मंजुळापेक्षा जास्त! आणि तिने आयुष्यात कारखान्याची पायरी चढलेली नाही. सुटला की नाही माझा कारखाना?" त्याने प्रयोगशाळेत पेढ्यांचा पुडा धाडला. मंजुळाने त्याला भीतभीत विचारले, "मग शेठ, आहे ते कमी कसं व्हायचं?" तो मायेनेच म्हणाला, "अगं, सगळ्यांच्यातच असतं ते. काही होत नाही." मंजुळा पदर खोचून पुन्हा टेबलाशी जाऊन बसली.

हेमांगीच्या जिवाला हे लागले. ती कोरा माणूस शोधायला निघाली. माळावरचा मेंढपाळ झाला, नदीपलीकडचे मास्तर झाले, शेवटी डोंगरावरच्या मठातला बैरागी झाला. बैराग्याने जन्मात नखे रंगवली नव्हती. पण मठात पाणी निळ्या कॅनमधून येत होते आणि भक्त प्रसाद पिशवीतून आणीत होते. कुणात कमी, कुणात जास्त, पण निघाले सगळ्यांत.

"सर, कोरा माणूसच मिळत नाही," पंधरा दिवसांनी परत येऊन ती म्हणाली, आणि तिला रडू आले.

 दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पासरांनी शेठला बोलावून घेतले. मग त्यांनी कपाट उघडले आणि मलमलीत गुंडाळलेली काचेची एक कुपी काढली. तिचे तोंड ज्योतीवर वितळवून बंद केलेले होते. हेमांगीला ती कुपी ठाऊक होती. तिच्यावरची धूळसुद्धा सर दुसऱ्या कोणाला पुसू देत नसत. साठ वर्षांपूर्वी सर रक्त काढून कुपीत बंद करायला शिकत होते, तेव्हा त्यांच्या नव्या नवरीने हात पुढे केला होता. "दुखलं तर आज पिठलंसुद्धा मिळायचं नाही," असे ती म्हणाली होती. तिला जाऊन अकरा वर्षे झाली होती आणि तिच्या रक्ताची ही एकच कुपी शिल्लक होती.

सरांनी कुपीची मान मोडली.

"सर, नका हो!" हेमांगी ओरडली.

"हाताखाली कापूस धर," सर म्हणाले. "सांडता कामा नये."

यंत्र बराच वेळ चालले. कागद बाहेर आला. त्यावर शून्य होते.

शेठ गोंधळला. "हे कुणाचं? आणि या जुन्या रक्ताचा माझ्या कारखान्याशी काय संबंध?"

"ही माझी बायको," आप्पासर म्हणाले. "केसांना खोबरेल लावायची, घागरीतलं पाणी प्यायची, मीठ दगडी भांड्यात ठेवायची. शेठ, माणसाचं रक्त असं असायचं. तुम्ही दोन आकडे शेजारी ठेवलेत, सारखे दिसले म्हणून खूष झालात. दोन घरं पेटली म्हणजे आग नाही, असं होत नाही. मंजुळाची बाळं यानेच नेली, असं मी म्हणणार नाही. ते मला माहीत नाही. आत कोण शिरलंय, एवढंच आकडा सांगतो. पण तुम्ही पेढे कशाचे वाटलेत, ते एकदा बघा."

शेठने कागद हातात घेतला. वर शून्य होते आणि खाली त्याच्या लेकीचे चौतीस. इतके दिवस तो आकडा त्याने कारखान्याचा म्हणून वाचला होता. लेकीचा म्हणून आज पहिल्यांदा वाचला. 

"सर," तो हळूच म्हणाला, "नंदिताला सातवा चालू आहे. हे... कमी कसं करायचं?"

"मंजुळाने तुम्हाला हेच विचारलं होतं. तिला काय सांगितलंत?"

शेठने कागदाची घडी घालून ती खिशात ठेवली.

"येणं थांबलं तर थोड्या दिवसांत उतरतं," आप्पासर म्हणाले. "पण येतं कुठून कुठून, आणि आपण अडवणार किती? तुमच्या टेबलावरचं तेवढं तुमच्या हातात आहे."

त्याच आठवड्यात पंखे लागले आणि मंजुळा खोक्यांच्या खोलीत गेली. नंदिताच्या ओटीतल्या डब्या शेठने स्वतः उचलून बाहेर काढल्या. महिन्याने दोघींचे आकडे उतरले. मंजुळाचे चौदा, नंदिताचे सोळा. शून्याच्या जवळपास दोघीही गेल्या नाहीत. दोघींचे दिवस अजून भरायचे आहेत, तेव्हा पुढचे मी सांगू शकत नाही.

कुपी फोडली त्या दिवशी शेठ गेल्यावर हेमांगीने फुटकी कुपी धुऊन पालथी घातली. मग तिने विचारले, "सर, पुढच्या वेळी कोरा नमुना म्हणून काय घ्यायचं?"

आप्पासर रिकामी मलमल घडी करीत होते.

"आता काही नाही," ते म्हणाले. "वहीत शून्य लिहून ठेव. आणि खाली लिही, की हे एकदा होतं."