महिपतने कुलपात ठेवलेली वीज

कोंडेगव्हाण नावाच्या एका गावात एक भोळा माणूस राहत होता. नाव महिपत. भोळा म्हणजे किती? बायको म्हणाली, "भाकरी करपायच्या आत मला हाक मारा," तर हा पीठ परातीत असल्यापासूनच हाका मारत सुटला. करपायच्या आत म्हणजे आत!

गावात विजेचे खांब होते, तारा होत्या, पिठाची गिरणीसुद्धा येऊन पडली होती. फक्त वीज नव्हती. बाया जात्यावर दळायच्या. महिपतची बायको चंद्राबाई हिचा उजवा खांदा दळून दळून पार धरला होता. ती खांदा चोळत बसली की महिपतचा जीव तुटायचा.

गावाचा अर्ज देशाच्या ऊर्जा खात्यात अडकला होता. त्यावर चार कार्यालयांचे चार शिक्के हवे होते. सरपंच ताराक्का म्हणाल्या, "शाणी माणसं धाडून बघितली. तिथं वाद घालत्यात अन् हात हलवत येत्यात. महिपत, आता तू जा. साहेब सांगतील तसं वाग."

"तसंच वागतो, आक्का."

चंद्राबाईने भाकरी बांधून दिली. "अहो, वीज घेऊनच या. आता हात वर होत न्हाई माझा."

महिपत राजधानीला पोचला. पहिलं कार्यालय ऊर्जा बचतीचं. तिथले साहेब दिवा-पंखा बंद करून फायलीने वारा घेत बसले होते. शिक्का मारून म्हणाले, "आमचं काम एकच. खोलीत माणूस नाही आणि काहीतरी चालू आहे असं दिसलं, की खटका बंद करायचा. तुम्हीही लक्षात ठेवा."

महिपतने लक्षात ठेवलं. तीच तर पंचाईत.

दुसरं कार्यालय संशोधनाचं. तिथल्या मिराशीबाई चहाला गेल्या होत्या. खोलीत माणूस नाही, आणि एक यंत्र घूं घूं करत चालू. महिपतने खटका बंद केला आणि समाधानाने स्टुलावर बसला. बाई आल्या. त्यांच्या हातातली कपबशी खाली पडली.

"एकोणीस दिवस चालू होता हो हा प्रयोग! उद्या संपणार होता!"

"मग एक दिवस आधीच संपला, बाई."

"चालू असलेल्या गोष्टीला हात लावायचा नाही! गप्प बसायचं, बघायचं आणि वहीत वेळ टिपायची!"

"असं होय? बरं." त्याचं तोंड पुन्हा दिसू नये म्हणून बाईंनी लगेच शिक्का मारला.

तिसरं कार्यालय सुरक्षेचं. साहेब जेवून खुर्चीत डुलक्या घेत होते. कोपऱ्यात चहाची विजेची शेगडी होती आणि तिच्या वायरीतून धूर येत होता. महिपत ताडकन उठला. मग त्याला बाईंचे शब्द आठवले. तो गप्प बसला आणि वही काढून टिपू लागला: दोन वाजून दहा मिनिटं, धूर. दोन बारा, जाळ. दोन तेरा, पडदा. दोन चौदा, साहेब जागे.

आग विझवून झाल्यावर साहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे, धूर दिसला की लाल बादलीतली वाळू ओतायची! बोंब ठोकायची! माणसं बाहेर काढायची!"

"आधी सांगायचं की, साहेब." महिपतने वही मिटली. साहेबांनी राख झटकून शिक्का मारला.

चौथं कार्यालय साठ्याचं. देशाला अडीअडचणीला लागणारं इंधन राखून ठेवणारं. त्या दिवशी खंडेनवमी होती. नांगरेसाहेबांनी मोठा तराजू धुऊनपुसून मांडला होता, त्याला झेंडूची माळ घातली होती, पुढे धूप घातला होता. आरती निम्म्यावर आली होती. महिपतला फक्त धूर दिसला.

"पळा! पळा!" म्हणत त्याने दोन बादल्या वाळू ओतली. तराजू गेला, धूप गेला, पेढे गेले. सगळं कार्यालय अंगणात.

नांगरेसाहेब भला माणूस. तोंडातली वाळू थुंकून म्हणाले, "बाबा रे, दर कार्यालयाचं काम निराळं. इथलं तिथं करू नये. आमचं काम साठवायचं. मिळालं ते कुलपात ठेवायचं. खरंच संकट आल्याशिवाय काढायचं नाही. आणि साठ्यातली एकही वस्तू बाहेर राहता कामा नये. कळलं?"

"कळलं," महिपत म्हणाला. 'इथलं तिथं करू नये' तेवढं कळलं नव्हतं.

चौथा शिक्का बसला. पंधरा दिवसांत वायरमन आले, जोडणी करून गेले. गिरणीच्या भिंतीवर मेन स्विचची लोखंडी पेटी बसली. ताराक्का म्हणाल्या, "वीज महिपतने आणली. खटका त्यानेच ओढायचा. पेटीचं कुलूप-किल्लीबी त्याच्याकडंच."

बायांची रांग लागली. सगळ्यांत पुढे चंद्राबाई, कमरेवर ज्वारीची पाटी. महिपतने खटका ओढला. गिरणी गरगरली, चंद्राबाईने पाटीतली मूठभर ज्वारी टाकताच पांढरंशुभ्र पीठ पडलं. चंद्राबाई हसली. तिला हसताना बघून महिपतचे डोळे भरून आले. एवढी मोलाची वस्तू! अशी कशी उधळायची? त्याने खटका खाली केला, पेटी लावली आणि कुलूप दाबून बसवलं. खट्!

"अहो, काय केलंत?"

"साठवली. खरंच संकट आलं की काढू."

चंद्राबाईने पाटी खाली ठेवली. "संकट आलंय. माझ्यापुढं धोतर नेसून उभं हाय. काढा किल्ली!"

महिपतने इकडेतिकडे बघितलं. संकट कुठे दिसेना, पण बायकोचा शब्द म्हणजे शब्द.

"किल्ली पेटीत हाय," तो म्हणाला. "साठ्यातली वस्तू बाहेर ठेवायची न्हाई."

सरकारी कुलूप फोडायला परवानगी लागते. परवानगीला चार शिक्के लागतात. या खेपेला चंद्राबाई स्वतः निघाली. जाताना तिने नवऱ्याला जात्यापुढे बसवलं आणि बजावलं, "मी परत येईस्तोवर दळत ऱ्हावा."

ज्वारी दुसऱ्याच दिवशी संपली. जातं अजून फिरतंय.